पिंजऱ्यापुढचा छायाचित्रकार

गोरेगाव म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे पश्चिम रेल्वेवरील उपनगर आणि तेथील चित्रनगरी उभी राहते. परंतु गोरेगाव नावाचे दुसरे एक गाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. १९५६ साली तो मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आला, आणि १९९९ साली परभणीपासून वेगळा निघून हिंगोली जिल्हा झाला. ज्वारी-कापसाच्या ह्या टापूतील शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला जर विचारले की, बाळ, गेंडा कसा असतो, तर तो क्षणाचाही विचार न करता नाकावरच्या शिंगासकट त्याचे वर्णन करील. गेंडा त्याने पाहिलेला नाही, त्याच्या वडिलांनी पाहिलेला नाही, आणि आजोबांनी पाहिलेला असण्याचा तर संभवच नाही. मग हे ज्ञान त्याच्यापर्यंत आले कोठून? पाठ्यपुस्तकातल्या चित्रातून. आणि ते चित्र आले कोठून? बहुधा कोणीतरी कोठल्यातरी पिंजऱ्यापुढे उन्हात ताटकळत उभा राहिला, त्यातून.

त्या उभ्या राहणाऱ्या माणसाचा हा इतिहास आहे. राजे, सेनापती व मुत्सद्दी ह्यांच्या इतिहासात त्याला जागा नाही. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतही त्याचे नाव चित्राखाली बारीक टाइपात येते, आणि पुष्कळदा येतही नाही. तरीसुद्धा सामान्य माणसाच्या मनातील सिंह, जिराफ आणि पाणघोडा ही बव्हंशी त्यानेच घडविलेली सृष्टी आहे.

असे पुढे जाऊन उभे राहण्याला काय मोल असते, हे कळण्यासाठी गोव्याच्या किनाऱ्यावर निघालेली एक कथा सांगितली पाहिजे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. १५१५ सालच्या जानेवारीत त्याला गोव्याहून गलबतावर चढविण्यात आले आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. युरोपात त्यापूर्वी कित्येक शतकांत कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याच्याविषयीचे एक पत्र आणि एक रेखाटन जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर ह्या विख्यात चित्रकाराच्या हाती पडले, आणि गेंडा स्वतः न पाहताच त्याने त्याचे लाकडी ठशावरील चित्र काढले. चित्र अप्रतिम आहे. परंतु त्यातील गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, आणि खांद्यावर एक जास्तीचे लहान शिंगही आहे! हा कल्पित गेंडा पुढे अठराव्या शतकापर्यंत युरोपातील ग्रंथांतून खरा म्हणून छापला जात होता. तो खरा गेंडा मात्र १५१६ च्या आरंभी रोमकडे जात असता इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. चित्रकार कितीही थोर असला, तरी तो तेथे उभा नव्हता, ही उणीव त्याच्या हाताला भरून काढता आली नाही.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या पुण्यात घडले. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथे नाना देशींची जनावरे बाळगलेली असत. सवाई माधवराव पेशवे त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे होते. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुणे दरबारी राहत होता, आणि त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करीत असे. १७९० सालच्या नोव्हेंबरात गंगारामाने शिकारखान्यातील गेंड्याचे जलरंगांत चित्र काढले. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहे आणि त्याच्यावर स्थळ, महिना व वर्ष ह्यांची नोंद आहे. ह्या नोंदीकडे श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे. गेंडा कोठे होता, कोणाच्या मालकीचा होता आणि केव्हा पाहिला, एवढे चित्रासोबत सांगितले गेले. म्हणजे ते चित्र शोभेची वस्तू न राहता साक्ष झाले. ह्याच गंगारामाने पुढे मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. लेणी असोत की गेंडा, समोर जाऊन बसावे, जसे दिसते तसे टिपावे, हीच त्याची रीत होती. कॅमेऱ्याचा जन्म होण्यास अजून जवळजवळ अर्धे शतक अवकाश होता. परंतु प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रकाराचा व्यवसाय मराठी मुलखात कोणी सुरू केला असे विचारल्यास, ह्या तांबटाचे नाव घेण्यास हरकत नाही.

कॅमेरा आला तो १८३९ साली, आणि पिंजऱ्यापर्यंत पोचण्यास त्याला आणखी काही वर्षे लागली. कारण उघड आहे. आरंभीच्या काचेला प्रकाश पचविण्यास इतका वेळ लागे की माणसाला मानेमागे लोखंडी चिमटा लावून स्तब्ध बसवावे लागे; वाघाच्या मानेमागे तो लावणार कोण? १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्याने कलोडियनची ओली काच प्रचारात आणली आणि काम काही सेकंदांवर आले. त्या काचेचा खटाटोप मात्र मोठा. काचेवर चिकट द्रव पसरावयाचा, ती काळोखात रौप्यक्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच धुऊन काढावयाची. ह्याचा अर्थ असा की, छायाचित्रकाराला आपली अंधारकोठडी तंबूच्या रूपाने पिंजऱ्याशेजारीच थाटावी लागे.

१८५० साली इजिप्तहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ओबेश नावाचा पाणघोडा आला. त्याला पाहण्यास लोकांच्या झुंडी लोटल्या. १८५२ साली मोंटिझोनचा काउंट हुआन ह्या स्पॅनिश राजकुळातील हौशी गृहस्थाने त्याचे छायाचित्र घेतले. त्या चित्रात पाणघोडा हौदाच्या काठी आडवा पसरलेला आहे आणि गजांपलीकडे प्रेक्षक उभे आहेत. निजलेला प्राणी हीच त्या काळच्या छायाचित्रकाराची खरी संधी होती. जुन्या चित्रांतील सिंह-वाघ सुस्त दिसतात ह्याचे एक कारण बंदिवास हे खरे. परंतु जे चालत होते ते काचेवर उतरलेच नाहीत, हेही एक कारण आहे.

मुंबई ह्या बाबतीत फार मागे नव्हती. १८५४ साली येथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या कार्यात होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. १८६२ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया उद्यान उघडण्यात आले. तेच पुढे लोकांच्या तोंडी राणीचा बाग झाले आणि आज त्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. कॅमेरा आणि प्राणिसंग्रह ही दोन्ही एकाच पिढीत मुंबईच्या मध्यमवर्गाच्या हाताशी आली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता एका अशा चित्राकडे वळू या की, जे घेताना घेणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असणे शक्यच नव्हते. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा प्राणी होता. डोके, मान व पुढचे अंग झेब्र्यासारखे पट्टेदार आणि मागचे अंग साधे तपकिरी, असे त्याचे रूप. लंडनच्या संग्रहात ह्या जातीची एक मादी १८५१ ते १८७२ पर्यंत होती. फ्रँक हेस आणि फ्रेडरिक यॉर्क ह्या दोन छायाचित्रकारांनी १८६३ ते १८७० च्या दरम्यान तिची काही चित्रे घेतली. त्या काळी घरोघर दुर्बिणीसारख्या यंत्रातून जोडचित्रे पाहण्याची हौस होती. अशा विक्रीच्या चित्रांत सिंह, हत्ती, अस्वले ह्यांच्या ओळीत क्वागाही एक. इकडे आफ्रिकेत वसाहतवाल्यांनी कातड्यासाठी व कुरणांसाठी त्यांचे कळप मारून संपविले. १८८३ च्या ऑगस्टमध्ये अॅमस्टरडॅमच्या संग्रहातील एक क्वागा मेली, आणि ती पृथ्वीवरील शेवटची होती हे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही आले नाही.

आज जिवंत क्वागाची अवघी पाच छायाचित्रे जगात उरली आहेत, आणि ती पाचही लंडनमधील त्या एकाच मादीची आहेत. कातडी पुष्कळ संग्रहालयांत आहेत. परंतु पेंढा भरलेल्या कातड्यावरून पाय कसा टाकला जाई, मान कशी धरली जाई, हे कळत नाही. ती गोष्ट सांगणारा साक्षीदार म्हणजे पोटासाठी जोडचित्रे विकणारा एक छायाचित्रकार. १९८४ साली क्वागाच्या जुन्या कातड्यातून आनुवंशिक द्रव्य वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले. नष्ट झालेल्या प्राण्याच्या बाबतीत असे प्रथमच घडले, आणि क्वागा हा मैदानी झेब्र्याचाच सोयरा असल्याचे ठरले. शास्त्र एवढे पुढे गेले, तरी त्या पाच चित्रांत सहावे चित्र घालण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही.

ह्याच सुमारास निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या गोरेगावच्या सरकारात, छायाचित्राचे पाऊल मोठ्या डौलाने पडले. लाला दीनदयाळ हे मूळचे मीरतजवळील सरधन्याचे, रुडकीच्या महाविद्यालयात शिकलेले आणि सरकारी बांधकाम खात्यात काम केलेले गृहस्थ. १८८५ साली सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, त्यांना आपला दरबारी छायाचित्रकार नेमले व पुढे राजा मुसव्विर जंग हा किताब दिला. सिकंदराबादेस आणि १८९६ पासून मुंबईसही त्यांची चित्रशाळा होती. महाल, मेजवान्या, पलटणी ह्यांबरोबर त्यांच्या काचांवर शिकारीही आल्या. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन निजामाच्या मुलखात शिकारीस आला, तेव्हाचे दीनदयाळांचे चित्र प्रसिद्ध आहे: पुढे मारलेला वाघ, मागे लाटसाहेब व त्यांच्या पत्नी. चित्राची मांडणी निर्दोष आहे. वाघही अगदी स्पष्ट उतरला आहे. मेलेल्या वाघाला हलण्याचे भय नसते.

त्या युगात हिंदुस्थानातील वन्य पशूंची जी छायाचित्रे घरोघर व वाड्यावाड्यांत लागली, त्यांतील मोठा भाग अशा मेलेल्या जनावरांचा आहे. ह्या प्रथेचा शेवट एका दारुण चित्रात झाला. १९४७ साली, आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव ह्यांनी रात्रीच्या शिकारीत तीन चित्ते मारले. तिन्ही चित्ते ओळीने ठेवून काढलेले छायाचित्र मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविण्यात आले व तिच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील रानटी चित्त्याची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते; १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. कोल्हापूर दरबारात शिकारीसाठी चित्ते बाळगीत, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवीत. ज्या प्राण्याच्या नावावरून चित्त्यासारखी झेप हा शब्दप्रयोग आपल्या बोलीत रुळला, त्याच्या मुक्त जीवनाचा अखेरचा पुरावा म्हणून आपल्या हाती राहिली ती तीन प्रेतांची रांग.

जिवंत जनावराचे चित्र घेण्याची जागा, ह्या परिस्थितीत, एक तर प्राणिसंग्रहालय आणि दुसरी सर्कस. सर्कस ही महाराष्ट्राची खास मिरासदारी. विष्णुपंत छत्रे ह्यांनी १८८० साली पहिली हिंदी सर्कस उभारली आणि त्यानंतर मराठी सर्कशींनी वाघ-सिंह लहान लहान गावांच्या वेशीपर्यंत नेले. १८९९ साली मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनी दोन लहान चलच्चित्रे घेतली. एकात हँगिंग गार्डनमधील कुस्ती होती, आणि दुसऱ्यात सर्कशीच्या माकडांना त्यांचे मालक शिकवीत आहेत असे दृश्य होते. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे पाहून सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागविला होता, आणि घेतलेली फिल्म धुण्यासाठी ती लंडनला पाठवावी लागली. एका हिंदी माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांतच बंदिवान प्राणी व त्याचा शिक्षक हा विषय यावा, ह्यावरून कॅमेरेवाल्याची दृष्टी प्रथम कोठे जाते ते दिसून येते.

आता ह्या व्यवसायातील प्रत्यक्ष काम कसे असते ते पाहू. बाहेरच्याला वाटते की, जनावर कोंडलेलेच आहे, पळून जाणार नाही, मग त्यात कौशल्य ते कोणते? परंतु अडचणीला येथूनच आरंभ होतो. पहिला शत्रू म्हणजे गज. भिंग गजांपासून लांब असले तर चित्रात वाघाऐवजी लोखंडच ठळक येते. ह्यावर उपाय असा की, सुरक्षित असेल तेथवर भिंग जाळीच्या शक्य तितके निकट न्यावे, भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे, आणि जनावर जाळीपासून दूर जाईल तोवर थांबावे. मग जवळची जाळी धुक्यासारखी विरून जाते. परंतु गजांची सावली जनावराच्या अंगावर पडलेली असेल तर ती कोणत्याही युक्तीने विरत नाही. त्यासाठी सूर्य सरकण्याची वाट पाहावी लागते.

दुसरी अडचण रंगाची. जुन्या काचेला निळा प्रकाश लवकर दिसे, तांबडा व नारिंगी जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे वाघाचा सोनेरी रंग काळवंडून येई आणि त्यात काळे पट्टे बुडून जात. जो प्राणी पट्ट्यांवरून ओळखावयाचा, त्याचे पट्टेच हरवत! १९०६ च्या सुमारास सर्व रंगांना जागणाऱ्या काचा बाजारात आल्या तेव्हा कोठे वाघाला छायाचित्रात स्वतःचे अंग मिळाले. तिसरी अडचण वेळेची. पोट भरलेले मोठे मांजर दिवसभर झोपते. त्याचे डोळे उजळतात ते खाणे येण्याच्या घटकेला. ती घटका, ते खाणे आणणाऱ्याच्या पावलांचा आवाज, अमुक जनावर आज रागात आहे की नाही, हे सर्व राखणदाराला ठाऊक असते. म्हणून ह्या व्यवसायातील शहाणा माणूस पहिला महिना कॅमेरा उघडण्यापेक्षा राखणदारांशी बोलण्यात घालवितो.

काही मोठ्या संस्थांनी ह्या कामासाठी माणूसच नेमला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात विसाव्या शतकाच्या आरंभी एल्विन सॅनबॉर्न हे अधिकृत छायाचित्रकार होते व संस्थेच्या नियतकालिकाचे कामही पाहत. लंडनच्या संग्रहातील डेव्हिड सेथ-स्मिथ हे अधिकारी पक्ष्यांची छायाचित्रे घेत, आणि पुढे तेच बी.बी.सी.वरून मुलांना प्राण्यांच्या गोष्टी सांगू लागले. रेडिओवर त्यांचे नावच झू मॅन पडले. ज्याने पिंजऱ्यापुढे तासन् तास पाहण्यात घालविले, त्याला चित्रावाचून केवळ शब्दांनीही जनावर उभे करता आले, हे ऐकणाऱ्यांना विशेष वाटेल.

परंतु ह्या इतिहासात एक काळे पान आहे, आणि ते गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९०६ सालच्या सप्टेंबरात ह्याच ब्राँक्स संग्रहालयात माकडांच्या इमारतीत एक मनुष्य प्रदर्शनास ठेवण्यात आला. ओटा बेंगा हे त्याचे नाव. काँगोच्या अरण्यातील तो ठेंगणा तरुण. हजारो लोक त्याला पाहण्यास आले. हातात चिंपांझीचे पिल्लू घेतलेला त्याचा फोटो आजही उपलब्ध आहे. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी कडाडून निषेध केला, तेव्हा त्या महिन्याच्या अखेरीस त्याची सुटका झाली. परंतु मायदेशी परतणे त्याच्या नशिबी नव्हते, आणि १९१६ साली त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. २०२० साली त्या संग्रहालयाच्या संस्थेने ह्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. कॅमेऱ्याचे भिंग समोर कोण आहे ते दाखविते. त्याला तेथे कोणी व का ठेवले, हे विचारण्याचे काम भिंगामागच्या माणसाचे आहे. त्या वर्षी ते विचारले गेले नाही. तरी त्याच फोटोने पुढे पिंजरा बांधणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली, हेही तितकेच खरे.

प्राण्यांच्या बाबतीत अशी साक्ष पुनःपुन्हा पडली आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या दलदलीत गुलाबी डोक्याचे एक बदक असे. कलकत्त्याच्या एझ्रा घराण्यातील आल्फ्रेड एझ्रा ह्यांनी इंग्लंडात फॉक्सवॉरन पार्क येथे ती बदके पाळली होती, आणि १९२० नंतरच्या दशकात तेथे त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. १९४९ नंतर हे बदक कोणाला खात्रीने दिसलेले नाही. छायाचित्रे अर्थातच एकरंगी आहेत. ज्या गुलाबी रंगावरून पक्ष्याला नाव मिळाले, नेमका तोच त्यांत नाही.

टास्मानियातील थायलसीन हा पट्टेदार पाठीचा, लांडग्यासारखा, पण पोटाशी पिशवी असलेला प्राणी. १९३३ च्या डिसेंबरात डेव्हिड फ्ले हे निसर्गअभ्यासक होबार्टच्या संग्रहालयात त्याच्या आवारात कॅमेरा घेऊन शिरले. चित्रीकरण चालू असता प्राण्याने मागून येऊन त्यांना चावा घेतला. त्यांनी टिपलेले चलच्चित्र एका मिनिटाच्या आसपासचे आहे. तो प्राणी आवारात येरझाऱ्या घालतो, जांभई देतो, आणि त्याचा जबडा विलक्षण रुंद उघडतो. १९३६ च्या जुलैत सरकारने थायलसीनला कायद्याचे संरक्षण दिले; त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या संग्रहातील शेवटचा थायलसीन मेला. कायदा व मृत्यू ह्यांत एकोणसाठ दिवसांचे अंतर पडले. आज ऑस्ट्रेलियात ७ सप्टेंबर हा संकटग्रस्त जातींचा दिवस म्हणून पाळतात, आणि त्या दिवशी लोकांना दाखविण्यास जे काही आहे, त्यांत चावा सोसून घेतलेली ती फिल्म प्रमुख आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन ह्यांनी पायवाटेवर तार बांधून, वाघाच्याच पावलाने कॅमेरा चालेल अशी योजना केली, आणि १९२५ साली त्यांची रानातील वाघांची छायाचित्रे लंडनच्या सचित्र पत्रात झळकली. बंदुकीऐवजी कॅमेरा घ्या, हा उपदेश ते आयुष्यभर करीत राहिले. रानातील मुक्त वाघ असा चित्रात येऊ लागल्यावर कोंडलेल्या वाघाच्या चित्राला किंमत ती काय? त्यात स्वभाव नाही, सावज नाही, अरण्य नाही.

उत्तर असे की, किंमत आहे. परंतु एका अटीवर. पिंजऱ्यातील चित्राने आपण पिंजऱ्यातील आहोत हे सांगितले पाहिजे. ही अट मोडण्याचा मोह मोठा असतो. गज विरून गेले, मागे झाडी आली, की तेच चित्र जंगलातले म्हणून सहज खपते. २००९ साली वन्यजीव छायाचित्रणाच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिला मान मिळाला. पुढे तो लांडगा बहुधा पाळीव असल्याचे परीक्षकांचे मत झाले आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेण्यात आले. चित्र देखणे होते, ह्याबद्दल कोणाचा वाद नव्हता. वाद त्याच्याखालच्या ओळीचा होता. पेशव्यांचा शिकारखाना, पुणे, नोव्हेंबर १७९०, एवढे लिहिणाऱ्याने जो व्यवहार पाळला, तो येथे पाळला गेला नाही असे परीक्षकांना वाटले.

आज ह्या छायाचित्रकाराचे काम वाढलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि देशातील संग्रहालयांना मान्यता, नोंदी व प्राण्यांची निगा ह्यांविषयी नियम लागू झाले. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे निरनिराळे असतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र हा त्या जनावराचा दाखला ठरतो. पिल्लाची वाढ, जखमेची सुधारणा, पिसांची गळती ह्यांची वेळोवेळी घेतलेली चित्रे पशुवैद्याच्या उपयोगी पडतात. ही चित्रे भिंतीवर लागत नाहीत आणि त्यांना बक्षिसेही मिळत नाहीत. परंतु कित्येक वर्षांनी एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तीच फाईल उघडावी लागते.

इकडे प्रेक्षकांतील प्रत्येक जण छायाचित्रकार झाला आहे. २०१६ साली राणीच्या बागेत हंबोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी ते लोकांना खुले झाले. काचेपुढे पक्षी थोडे व मोबाइल फार, असा देखावा तेव्हापासून मुंबईकरांच्या परिचयाचा झाला. ह्यात हसण्याजोगे काही नाही. मात्र काचेवर टकटक करून पक्ष्याला वळविणे, शिट्ट्या घालणे, निजलेल्या जनावराला उठविण्यासाठी खडा मारणे, ह्या गोष्टी चित्रकलेत मोडत नाहीत. प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. ओल्या काचेच्या काळातील माणसाला जनावराच्या मर्जीची वाट पाहावी लागे, कारण त्याच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. आज उपाय पुष्कळ आहेत. म्हणून वाट पाहणे ही आता गरज न राहता सभ्यता झाली आहे.

गोरेगावच्या त्या शाळकरी मुलाला १९६३ साली उघडलेल्या हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात किंवा मुंबईच्या राणीच्या बागेत कधीतरी सहलीने जाण्याचा योग येईल. त्याच्या खिशात बापाचा मोबाइल असेल. एखाद्या जनावरापुढे तो थांबेल, बटण दाबील आणि पुढे जाईल. त्या चित्राला पुढे किंमत येईल की नाही, हे त्याला कळणार नाही. फ्रँक हेसलाही ते कळले नव्हते. परंतु घरी परतल्यावर त्याने त्या चित्राखाली जनावराचे नाव, स्थळ आणि तारीख एवढे जरी नीट लिहून ठेविले, तरी पर्वतीच्या पायथ्याशी गेंड्यापुढे बसलेल्या त्या तांबटाची रीत त्याने पुढे चालविली असे म्हणता येईल.